तीन मिनिटं पाच

त्या पोहण्याच्या क्लबात पोरांची नावं मागाहून कळायची, आधी टोपीचा रंग दिसायचा. पाण्यात तोंड घालायला भोकाड पसरणारी ती पांढरी टोपी. चार लांब्या न थांबता मारल्या की पिवळी. पिवळीतून निळीत जायचं तर आठ लांब्या, म्हणजे दोनशे मीटर, आणि तेही तीन मिनिटं पाच सेकंदांच्या आत. निळीच्या पुढे लाल होती, पण लाल टोपीवाले आपल्याच तोऱ्यात असायचे, त्यांचं सोडा. आणि एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: तेरा वर्षं पूर्ण झाली की पिवळीत राहता येत नाही. निळीत जा, नाहीतर टोपी परत करून घरी बसा.

बेडकीला मंगळवारी तेरा पूर्ण होणार होती. आज रविवार होता आणि ही तिची तिसरी चाचणी होती.

बेडकी हे सरांनी ठेवलेलं नाव. पांढऱ्या टोपीत असताना ती काही केल्या पाय सरळ मारायची नाही, म्हणून पडलेलं, आणि तिने ते आनंदाने घेतलं, कारण शाळेत तिला कोणी कसलंच नाव ठेवलं नव्हतं. मधल्या सुट्टीत ती एकटी बसायची. चार-चार दिवस वर्गात कोणाशी बोलायची नाही, आणि तिच्या आईला हे शिक्षकांकडून कळलं तेव्हा ती माउली रात्रभर उशीत तोंड खुपसून रडली होती. पण पाण्यात? पाण्यात पोरगी रांगेत सगळ्यांत पुढे. मागचे तिच्या पायांवर नजर ठेवून पोहायचे. मैत्रिणी होत्या, खोड्या होत्या, खी-खी होती. त्यातल्या दोघी निळीत गेल्या होत्या आणि रोज विचारत होत्या, "येतेस ना गं?"

पहिल्या चाचणीत तीन बारा. दुसऱ्या चाचणीत तीन सात. दोन सेकंदांवर घोडं अडलं होतं.

आई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. हात इतका नेमका की मालक तिच्या काचा पुन्हा तपासत नसे. क्लबात पालकांनाच वेळ मोजायला उभं करत, आणि तीही दर महिन्याला हातात घड्याळ घेऊन उभी राहायची, पण आपल्या पोरीच्या रांगेवर कधीच नाही. आज नेमकी कुठे माशी शिंकली कोण जाणे, एक बाप आलाच नाही. सर म्हणाले, "ताई, तुम्हीच उभ्या राहा. तुमच्यावर कोण शंका घेणार?" दुसरं घड्याळ पोस्टातून निवृत्त झालेल्या एका आजोबांकडे. दोन घड्याळांची सरासरी धरायची, असा रिवाज.

शिट्टी वाजली. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाचा सेकंदांचा लाल काटा बरोबर साठावर असताना बेडकीने उडी घेतली.

चार लांब्या झकास गेल्या. सहाव्या वळणाला पोरीचे खांदे जड झालेले आईला वरून दिसले. हात मार गं, बाई, मार! ती मनातल्या मनात ओरडत होती, कारण घड्याळवाल्याने तोंड उघडायचं नसतं. शेवटचे पाच मीटर. आईच्या मनात एकच: आपल्या हातून लवकर दाबलं जायला नको. लोक म्हणतील, पोटच्या पोरीसाठी दाबलं. हात भिंतीला लागलेला तिने डोळ्यांनी बघितला, लागला ना याची खात्री केली, आणि मग अंगठा दाबला.

तीन मिनिटं, पाच सेकंद, आणि वर तीन दशांश.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. तीन दशांश! शिंक यायला याहून जास्त वेळ लागतो. पाठीमागून टेबलापाशी वेळा लिहून घेणाऱ्या बाई वही घेऊन येत होत्या. आईला काही सुचेना. हे घड्याळच नसेल तर? मग आजोबांचं एकच राहील, आणि त्यांचं कदाचित कमी असेल. एवढंच डोक्यात आलं, आणि ज्या अंगठ्याने कधी काच बिघडवली नव्हती त्याच अंगठ्याने तिने दुसरं बटण दाबलं. सगळी शून्यं.

"हं, तुमचं?" बाईंनी विचारलं.

"अहो, बोट निसटलं. पुसलं गेलं."

"अरे देवा. पुसायच्या आधी बघितलंत?"

"नाही," आई म्हणाली. "नाही बघितलं."

बाई आजोबांकडे वळल्या. आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि घड्याळ नाकाशी धरलं. "तीन मिनिटं, चार सेकंद, पाच."

चार पूर्णांक पाच. पाच पूर्णांक तीन. मधोमध चार पूर्णांक नऊ. एवढा हिशोब करायला आईला क्षणही लागला नाही. पोरगी निळीत गेली होती! नुसतं जे दिसत होतं ते वाचलं असतं तरी गेली होती!

"बघितलं होतं!" ती किंचाळलीच. "बाई, मी बघितलं होतं, पाच पूर्णांक तीन होतं, खरंच सांगते, सरासरी आत येते!"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. चिडून नाही, कीव येऊन बघितलं, आणि ते जास्त लागलं. "ताई, आत्ताच नाही म्हणालात."

सरांनी मान खाली घातली. एका घड्याळावर वेळ धरत नाहीत. अर्ध्या तासाने पुन्हा पोहायचं, नाहीतर चाचणी रद्द. आईने हात जोडले, आजोबांनीही शब्द टाकला, पण एकदा ‘नाही’ म्हटलेलं फिरवता येईना. आता तिच्या हातात घड्याळही दिलं नाही. ती बाकावर जाऊन बसली. आपणच पुसलं हे सांगून टाकावं, जाऊन पोरीला मिठीत घ्यावं, असं शंभरदा वाटलं, पण पोहायच्या आधी सांगितलं तर पोरगी हातपाय गाळील, म्हणून गप्प बसली.

बेडकी दुसऱ्यांदा पोहली. काय पोहणार? दमलेलं लेकरू ते. तिसऱ्याच वळणाला श्वास चुकला, पाचव्याला पाणी गिळलं, तरी थांबली नाही. आठही लांब्या पुऱ्या केल्या. तीन मिनिटं, नऊ सेकंद. दोन्ही घड्याळं सारखी.

ती येऊन आईशेजारी बसली. दात वाजत होते. आईने टॉवेल गुंडाळला आणि तिची पाठ चोळत राहिली.

"असू दे गं," बेडकी म्हणाली. "बोट काय, कोणाचंही निसटतं."

आता मात्र आईला राहवेना. "निसटलं नव्हतं, राणी. मी पुसलं. पाच पूर्णांक तीन दिसलं, आणि मला वाटलं, तुझं गेलं."

 बेडकीने टोपी काढली, नळाखाली धुतली, पिळली, क्लबाला परत करायची असते तशी नीट घडी घातली.

"मी भिंतीला हात लावल्या लावल्या भिंतीवरचा काटा बघितला होता," ती म्हणाली. "पाचावर आला नव्हता. मला माहीत होतं झालंय ते. वर येऊन तुला सांगणार होते."

"मला हाक मारायचीस गं..."

"दम खात होते, आई. एवढा वेळ तरी थांबायचंस."

तिने ओली टोपी आईच्या हातात ठेवली आणि कपडे बदलायला गेली. टेबलावर बाई पुढच्या पोराचं नाव लिहीत होत्या.