तळ्याच्या गाळातली राख

उमरेड रस्त्यावरच्या एका तळ्यातून मी समुद्रापलीकडचा डोंगर वर काढला, यावर नागपुरातल्या आमच्या अख्ख्या महाल भागात एकही माणूस विश्वास ठेवत नाही. नका ठेवू. पण छापील अहवालात मला ‘मजूर’ म्हणायचं? शंभर बोअर मारलेला मिस्त्री आहे मी.

गोष्ट चौऱ्याहत्तरची. कॉलेजातल्या एका साहेबाला तळ्याचा गाळ उभाच्या उभा हवा होता. दोन ड्रमांवर फळ्या बांधून मी तळ्यात गेलो, लोखंडी पाइप ठोकला अन् वर ओढला. काळा गाळ, काळा गाळ, मधेच बोटभर पांढरी रेघ. साहेब चष्मा पुसत होता, तोवर मी चिमूटभर जिभेवर ठेवून सांगून टाकलं, राख आहे, पण चुलीची नाही; दाताखाली काच वाजते. साहेब चाट पडला. म्हणाला, हजारो वर्षांपूर्वी तिकडे समुद्रापलीकडे आगीचा डोंगर फुटला, त्याची राख वाऱ्यानं इथवर आली. वावरात पडलेली पावसानं धुऊन नेली. तळ्याच्या शांत पाण्यातली मात्र तळाशी बसली, वरून दरसाल गाळ चढत गेला, म्हणून टिकली.

ती रेघ खरवडून त्यानं माझ्याच ओसरीवर परातीत वाळत ठेवली. माझ्या बायकोनं, कौसल्येनं, राख पाहिली. बाईमाणूस राखेचं काय करणार? नारळाची शेंडी घेतली अन् घरातली झाडून सगळी भांडी घासली. तांब्या असा निघाला की त्यात पाहून मी महिनाभर दाढी केली.

अन् अहवालात काय छापलं? ‘मजुराच्या निष्काळजीपणामुळे नमुना नष्ट.’ राख ओळखली कोणी, त्यावर एक अक्षर नाही. सात वर्षं झाली, माझं नाव घाला म्हणून अर्ज देतो आहे. आता म्हणतात, साक्षीदाराची सही आणा.

म्हणून काल रुपरावला हॉटेलात गाठलं. तो त्याच तळ्याकाठच्या गावचा. चहा पाजला, सगळं ऐकवलं, अर्ज पुढे सरकवला. त्यानं दोनदा वाचला. ‘हजारो वर्षं’ या शब्दांवर बोट ठेवून विचारलं, हे कोणाचं? मी म्हटलं, साहेबाचं. त्यानं पेन खिशात परत खोचला अन् साऱ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं म्हणाला,

“मिस्त्री, झूठ काहून बोलून राहिला गा? ते तळं माह्या बापानं खोदलं, दुष्काळी कामावर. त्याच्या आधी तिथं आमची जवारी होती.”