कोकरेवस्तीवरची पाहणी

इंदुमतीबाईंनी लालासाहेबांचं नाव घेतलं आणि रंगुबाईनं पुढं केलेला पाण्याचा तांब्या मागं घेतला.

"लालासाब? ग्रामशेवक? त्येनं धाडलं व्हय तुला?"

"धाडलं असं नाही, मावशी. ओळख दिली. म्हणाले, कोकरेवस्तीवर रंगुबाईंच्या घरी जा, माझं नाव सांगा."

रंगुबाईनं तांब्या अंगणात उपडा केला. पाणी धुळीत जिरलं. दिवाळीतच विहिरींचे तळ दिसायला लागतात अशा मुलखात कुणी पाणी असं ओतत नाही, एवढं इंदुमतीबाईंनाही समजलं. का ओतलं ते समजलं नाही. एसटीच्या थांब्यापासून उन्हात चालून त्यांच्या घशाला कोरड पडली होती.

शहात्तर सालची दिवाळीची सुट्टी होती. इंदुमतीबाई शिराळकर सांगलीत मुलींच्या शाळेत मराठी शिकवत. त्यांच्या नावावर दोन कादंबऱ्या होत्या, दोन्ही सांगलीतल्या घरांच्या. तिसरी त्यांनी धनगराच्या बाईवर लिहायला घेतली होती. गडी माणसं मेंढरं घेऊन मुलूख फिरायला गेली की मागं घर एकटीनं धरून ठेवणारी बाई. पुण्याच्या प्रकाशकानं पहिली प्रकरणं परत केली. "ही बाई तुमच्या शेजारच्या वाड्यात राहते असं वाटतं," तो म्हणाला. "एकदा त्या भागात जाऊन बघून या." इंदुमतीबाईंना ते लागलं, कारण ते खरं होतं. मिरजेच्या पूर्वेला त्या कवठेमहांकाळच्या पलीकडं कधी गेल्या नव्हत्या.

लालासाहेबांची मुलगी त्यांच्या वर्गात होती. ते त्याच बाजूला ग्रामसेवक. वस्तीचं नाव, घराचं नाव, गाडी कुठं सोडते, सगळं त्यांनी उत्साहानं सांगितलं. मागच्या आठवड्यात तालुक्याच्या बाजारातून जीपनं माणसं उचलली, त्या जीपमध्ये पुढच्या सीटवर आपण बसलो होतो, हे मात्र सांगितलं नाही. त्या दिवशी रंगुबाईचा एकुलता एक मुलगा अर्जुना दोन बकरी विकायला बाजारात गेला होता. तो परत आला नव्हता. बाकीचे गडी दसरा करून मेंढरांमागं गेलेले. वस्तीवर उरल्या होत्या बायका, म्हातारी माणसं आणि पोरं.

यातलं काही ठाऊक नसल्यामुळं इंदुमतीबाई कुणी 'बस' म्हणायच्या आधीच कट्ट्यावर टेकल्या. दारात अर्जुनाची बायको हरणाबाई लोकर पिंजत होती. वीस-बावीस वर्षांची, काटक. तिच्या पाठीशी एक मुलगी लोळत होती. बोलायला सुरुवात कुठून करायची म्हणून इंदुमतीबाईंनी हसून विचारलं,

"मुलं किती तुला?"

हरणाबाईचे हात थांबले.

"का गं? मोजाय आलीस?"

"नाही, नाही. सहज विचारलं. आणि मालक कुठं असतात?"

"आत्ती, ऐकलंसा?" हरणाबाई उठून उभी राहिली. "मालक कुटं हैत म्हून इच्यारती! उचलून न्हेला तवा मोजला न्हाईसा व्हय? आता दुसरा पायजे?"

तिच्या आवाजानं पलीकडच्या घरांतून बायका बाहेर आल्या. कुणी हातातलं खुरपंही खाली ठेवलं नव्हतं. एकीनं इंदुमतीबाईंच्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली.

"कोन हैस तू? खरं सांग."

"मी शाळेत शिकवते. सांगलीला."

याहून वाईट उत्तर त्यांना सापडलं नसतं.

"मास्तरीन!" कुणीतरी ओरडलं. "मास्तरबी केसा न्हेत्यात! खालच्या वाडीचं दोगं मास्तरनंच न्हेलं!"

इंदुमतीबाईंचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला सगळ्यांनी पाहिला. कारण बोलणारीचं खोटं नव्हतं. ऑगस्टमध्येच मोठ्या बाईंनी शिक्षकांना खोलीत बोलावून सांगितलं होतं की वर्षअखेर प्रत्येकानं नसबंदीच्या दोन केसेस आणायच्या, नाहीतर वेतनवाढ थांबेल. काही जणींनी भांडीवालीच्या नवऱ्याला गाठलं, काही जणींनी गावाकडच्या गड्याला. इंदुमतीबाईंनी काहीच केलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. तो विषय निघाला की त्या वह्या तपासायला घेत.

"मी त्यासाठी आले नाही," त्या म्हणाल्या. "मी गोष्टी लिहिते. पुस्तकं. इथल्या बायका कशा राहतात, काय करतात, ते बघायला आले."

"बघाय?" रंगुबाई जवळ आली. "आमी काय जत्रंतलं आस्वाल हाय?"

"मावशी, तसं नाही हो..."

"मावशी म्हनू नगंस. कुनाची मावशी?" तिनं इंदुमतीबाईंचं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात जोर होता. "माजा ल्योक घरला येईस्तवर ही बाई हितनं हलायची न्हाई. त्यास्नी माणूस धरता येतंय, आमास्नी येत न्हाई व्हय?"

घरामागं कोकरं कोंडायचं कुडाचं खोपट होतं. दोघी-तिघींनी मिळून त्यांना आत ढकललं आणि दाराला बाहेरून लाकूड लावलं. आत लेंड्या, ओला पाला आणि कोंदट ऊब. चार कोकरं एका कोपऱ्यात गोळा झाली. इंदुमतीबाई ओरडल्या, दार हलवलं. उत्तरादाखल बाहेरून एक धोंडा येऊन कुडावर आपटला आणि वाळलेलं शेण त्यांच्या केसांत पडलं. नंतर कुणी आलं नाही. कुडाच्या फटीतून दिसत होतं की बायका आपापल्या कामाला लागल्या आहेत, मधूनच कुणी खोपटाकडं बघून थुंकते आहे. आपला आत्तापर्यंत कुणी असा द्वेष केला नव्हता, हे इंदुमतीबाईंच्या ध्यानात आलं. भीतीच्या आधी त्यांना राग आला, मग भीती वाटली, आणि मग फक्त तहान उरली.

ऊन माथ्यावर आल्यावर दार उघडलं. हरणाबाई होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. इंदुमतीबाई घटाघटा पाणी प्यायल्या.

"हितं मेलीस तर आमच्यावर येईल म्हून दिलं," हरणाबाई म्हणाली. "तुला सायबावानी बोलाय येतंय न्हवं?"

"म्हणजे?"

"आमी दोनदा तालुक्याला गेलो त्येच्यामागं. दारातला पोलीस आत सोडत न्हाई. हाय म्हनत न्हाई, न्हाई म्हनत न्हाई. तू चल. इच्यार त्यास्नी."

"येते," इंदुमतीबाई म्हणाल्या. "नक्की विचारते."

तालुक्याचं गाव दोन कोसांवर होतं. हरणाबाई पुढं, मधे इंदुमतीबाई, मागं रंगुबाई. चोर चावडीवर न्यावा तशी वरात निघाली. काढणी झालेल्या बाजरीच्या रानांतून पायवाट जात होती. चपलेत सारखे खडे जात होते, पण वाकून काढायला थांबलं की रंगुबाई पाठीत बोट रुतवायची.

"अर्जुनाला एवढी एकच मुलगी का?" एकदा इंदुमतीबाईंनी विचारलं. या वेळी त्यांना खरंच ते जाणून घ्यायचं होतं.

"बोलू नगंस," हरणाबाई मागं न बघता म्हणाली. "तितं बोल."

नसबंदीचं शिबिर गावाबाहेरच्या एका गोदामात होतं. दारावर लाल त्रिकोणाचं कापड लावलेलं. पोलिसानं दोघी धनगरणींकडं बघून काठी आडवी केली आणि इंदुमतीबाईंच्या साडीकडं बघून बाजूला झाला. केसांतलं शेण त्याला दिसलं नसावं.

"या बाई. केस आणली काय?"

"या दोघी माझ्याबरोबर आहेत," इंदुमतीबाई म्हणाल्या. त्यांचा वर्गातला आवाज लागला. काठी खाली आली.

आत टेबलामागं एक कारकून बसला होता. त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला, शाळा विचारली. इंदुमतीबाईंनी खरं ते सांगितलं. मग अर्जुना कोकरेचं नाव घेतलं.

"आहे की. मागच्या बाजूला पडलाय. टाके जरा चिघळलेत त्याचे."

"म्हणजे ऑपरेशन झालं?"

"त्याच दिवशी."

मागं रंगुबाई मटकन खाली बसली. हरणाबाई दाराच्या चौकटीला धरून तशीच उभी राहिली.

"त्याला घरी नेऊ का?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

"न्या. आमची काय हरकत?" कारकून म्हणाला. "फक्त दाखला नाही अजून त्याचा. दाखल्याशिवाय नेलात, तर पुढच्या बाजारी जीप पुन्हा उचलेल. झालंय का नाही ते आधी कोण बघत बसतं?"

"मग द्या ना दाखला."

"त्याच्यावर आणणाऱ्याचं नाव लागतं, बाई. लालासाहेबांच्या केसा भरल्या होत्या, त्यांनी ही लावून घेतली नाही. दुसऱ्या कुणाला तरी देऊ म्हणाले, ते राहूनच गेलं." तो पुढं झुकला. त्याच्या आवाजात उपकार करणाऱ्याचा गोडवा आला. "तुमच्या शाळेलाही केसा लागतातच की. तुमच्या नावावर लावतो. सही करा. माणूसही न्या, तुमचंही काम झालं."

इंदुमतीबाईंनी मान वळवली. हरणाबाईनं सगळं ऐकलं होतं.

"काय म्हनतोय त्यो?"

"सही केली तर दाखला मिळेल. दाखला असला की त्याला परत धरणार नाहीत."

"सही कशाची?"

"अर्जुनाला... मी आणला म्हणून."

"तू आनला?"

"नाही गं. तुला माहीत आहे मी नाही आणला."

"मला म्हाईत हाय. कागदाला म्हाईत हाय का?"

इंदुमतीबाईंनी कारकुनाला सांगून पाहिलं की आपण त्या माणसाला कधी पाहिलेलंही नाही. कारकून हसला. कुणीच कुणाला पाहिलेलं नसतं, म्हणाला. त्यांनी डॉक्टरला बोलवा म्हणून आवाज चढवला, तेव्हा एक कंटाळलेला तरुण डॉक्टर आला, जखम बघून गोळ्या देऊन गेला. दाखल्याबद्दल त्यानंही टेबलाकडंच बोट दाखवलं. सही न करता निघून जाणं शक्य होतं. मग पुढच्या बाजारी काय, हा प्रश्न हरणाबाईचा राहिला असता.

त्यांनी सही केली. त्या क्षणी त्यांच्या मनात अर्जुनाचा विचार होता. पण त्याच्या शेजारीच थांबणारी वेतनवाढही होती, आणि ती नव्हती असं त्या पुढं कधी स्वतःला पटवून देऊ शकल्या नाहीत.

"अभिनंदन, बाई," कारकून म्हणाला.

अर्जुना मागच्या पडवीत जमिनीवर पडला होता. ताप होता. आई आणि बायको दिसताच त्यानं घोंगडं तोंडावर ओढलं. हरणाबाई त्याच्या उशाला बसली आणि घोंगडं न काढता वरूनच त्याच्या डोक्यावर हात फिरवत राहिली.

"चला घरला," ती म्हणाली. "मेंढरं वाट बघत्यात."

"कोन येईना माज्याजवळ," घोंगड्याखालून आवाज आला.

"मी हाय न्हवं. चला."

वस्तीच्या बाजूला निघालेल्या एका गाडीवानानं त्याला गाडीत घेतलं. इंदुमतीबाईंनी गोळ्या कशा द्यायच्या ते सांगितलं आणि चढायला गाडीच्या कठड्यावर हात ठेवला. वस्तीपर्यंत जाऊ, चार शब्द नीट सांगू, असं त्यांना वाटलं होतं. रंगुबाईनं त्यांचा हात कठड्यावरून काढला. दुसऱ्या हातातला दाखला मात्र ओढून घेऊन चोळीत खुपसला.

"कागूद ठेवतो मी," ती म्हणाली. "तू न्हाई यायचं."

"मावशी, मी त्याच्या भल्यासाठीच..."

रंगुबाई त्यांच्या पायाशी थुंकली आणि गाडी हलली.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा बातमी आधीच येऊन पोचली होती. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर इंदुमतीबाईंचं कौतुक केलं. सुट्टीतसुद्धा दुष्काळी भागात जाऊन त्यांनी काम केलं, इतरांनी धडा घ्यावा, असं त्या म्हणाल्या. टाळ्या झाल्या. लालासाहेब मुलीला सोडायला आले होते, त्यांनी फाटकातून हसून नमस्कार केला.

"झाली ना पाहणी?"

"तुम्ही मला तिथं कशाला पाठवलंत?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात, बघायचंय," लालासाहेब म्हणाले. त्यांना खरोखरच राग कळला नसावा.

इंदुमतीबाईंनी दुसरी केस आणली नाही. मार्चच्या निवडणुकीनंतर ती कुणी मागितलीही नाही. जीपा थांबल्या. शाळेत सगळे त्या वर्षाबद्दल असं बोलू लागले की जणू ते दुसऱ्याच कुठल्या गावात घडलं होतं.

पुढच्या दिवाळीत त्या कुणाचंही नाव न घेता पुन्हा कोकरेवस्तीच्या वाटेला लागल्या. वस्ती दिसायच्या आधीच माळावर हरणाबाई भेटली. तिच्यापुढं पाच-सहा शेरडं आणि कडेवर पोरगी होती. तिनं ओळखलं, पण ती थांबली नाही. इंदुमतीबाईंनाच तिच्याबरोबर चालावं लागलं.

"कसे आहेत ते?"

"बरं हैत. मेंढरामागं गेल्यात." काही पावलं गेल्यावर ती म्हणाली, "चार मान्सांत बसत न्हाईत. लग्नाला जात न्हाईत. लोक हसत्यात."

"आणि रंगुबाई?"

"आत्ती तुला बघितली तर डोसकं फोडंल. फुडं येऊ नगंस."

"मला माफी मागायची होती."

"कुनाची?" हरणाबाई पहिल्यांदाच वळली. "त्येंची? त्ये तुला वळखतबी न्हाईत. माजी मागून मी काय करू?"

शेरडं पांगली तशी हरणाबाईनं एक खडा मारून त्यांना वळवलं.

"लिव्हतीस म्हनालीस. आमचं लिव्हलंस?"

"नाही. जमत नाही."

"लिव्हू नगंस," हरणाबाई म्हणाली. "आमी तुला कायबी दावलं न्हाई. तू आपली घुसलीस."

तिनं पोरीला कडेवर सावरलं आणि शेरडांमागं उताराला लागली. इंदुमतीबाई तिथंच उभ्या राहिल्या. वस्तीकडून एक कुत्रं भुंकत निम्म्या वाटेपर्यंत आलं, तेव्हा त्या एसटीच्या थांब्याकडं वळल्या. सांगलीची गाडी यायला अजून बराच वेळ होता.