नाव सांगितल्याशिवाय दार उघडत नाही

मित्रांनो, मुरूमच्या बाजारात समदभाईंचं नेट सेंटर आहे. तिथं दाराजवळ घरघरत बसलेला जुना कॉम्प्युटर म्हणजे मी. माझ्या उमेदीच्या काळात निकालाच्या दिवशी माझ्यासमोर रांग लागायची. पास झालेली पोरं माझ्यापुढं पेढे ठेवायची. खायचे अर्थातच समदभाई.

एकदा माझ्यात नवीन प्रोग्राम टाकला आणि प्रिंटर बंद पडला. ऐन बाजारच्या दिवशी गिऱ्हाईक परत गेलं. समदभाईंनी कानाला खडा लावला. "चालतंय ना? मग हात लावायचा न्हाय!" तेव्हापासून माझं शिकणं थांबलं. मला त्याचं फार वाईट वाटे.

मग एका दुपारी शिवांजली आली. दुसऱ्या दिवशी तिची नर्सिंगची प्रवेश परीक्षा होती आणि हॉल तिकीट काढायचं राहिलं होतं. घरी साधाच फोन, आणि गावातलं दुसरं सेंटर बंद. तिनं परीक्षेची वेबसाइट उघडायला घेतली, तर माझ्या पडद्यावर लाल इशारा आला.

त्याचं असं आहे. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडं असावीत, तशा इंटरनेटवर एकाच पत्त्यावर अनेक वेबसाइट राहतात. दार वाजवतानाच कोणाकडं आलो ते नाव सांगावं लागतं, म्हणजे तीच वेबसाइट आपलं ओळखपत्र दाखवते. मला ही रीत कुणी शिकवलीच नव्हती. मी नुसतं दार वाजवलं आणि त्याच पत्त्यावरच्या कुण्या फर्निचरवाल्याचं ओळखपत्र पुढं आलं.

"दाब 'तरीही पुढे जा'. सगळे तेच दाबतेत," समदभाई म्हणाले.

"न्हाय चाचा. हितं दुसऱ्याचंच नाव दावतंय. त्याला माझा पासवर्ड कशाला देऊ? नवीन ब्राउझर टाका. कॉलेजात फॉर्म भरताना त्याच्यावर हीच साइट उघडली होती."

"आन् प्रिंटर बसला तर? तिकीट कशावर छापू?"

"आधी उघडू तर द्या!"

समदभाई घुटमळले. मग "बिस्मिल्ला" म्हणून त्यांनी बटण दाबलं. माझा पंखा असा ओरडला की शेजारचा चहावाला डोकावला. मी मनाशी ठरवलं, काही झालं तरी आज बंद पडायचं नाही.

नवीन ब्राउझर आला. मी पुन्हा दार वाजवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा नाव सांगितलं. खरं ओळखपत्र समोर आलं, पान उघडलं. प्रिंटरनं मात्र कागद अर्धा ओढला आणि तो अडून बसला. शिवांजलीचा चेहरा उतरला. पण समदभाई आता मागं हटेनात. त्यांनी त्याचाही प्रोग्राम नव्यानं टाकला, आणि हॉल तिकीट सरसर बाहेर आलं.

"जा पोरी, नर्स हो. माझी शुगर तूच तपासायची," ते म्हणाले. तिनं डोळे पुसले आणि ती बसस्टँडकडं पळाली. मला इतका आनंद कुठल्याच पेढ्यांनी झाला नव्हता.

मित्रांनो, लाल इशारा दिसला की घाईनं पुढं जाऊ नका. आपण कोणाच्या दारात उभे आहोत ते आधी बघा. आणि यंत्र जुनं झालं म्हणून त्याचं शिकणं बंद करू नका. मी अजून थकलेलो नाही. तुम्ही शिकवा, मी शिकेन.