यादीतला पहिला

"हॅलो! अभिनंदन! तीन हजार माणसांतून तुमची निवड झाली आहे!" फाईलराव फोनवर ओरडले, आणि समोर बसलेल्या सिस्टरच्या हातातलं पेन खाली पडलं.

"अहो, काय बोलताय? त्यांना हार्ट अटॅक यायचा धोका आहे!"

"खरं सांगितलं तर कोणी येत नाही," फाईलराव फोनवर हात ठेवून म्हणाले. "सुरुवातीला तिघांना खरं सांगितलं. एक म्हणाला, तुलाच येवो. एकीने फोन आपटला. तिसऱ्याने मलाच धीर दिला. म्हणून ही युक्ती. त्या तिघांनाही पुन्हा फोन करून हेच सांगतो."

दवाखान्याच्या हृदयविभागात फाईलराव सव्वीस वर्षं रेकॉर्ड सांभाळत होते. सव्वीस वर्षांत त्यांनी माणसं कमी आणि फायली जास्त पाहिल्या. पण आज त्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. नव्या संगणकाने तीन हजार रुग्णांचं वय, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, बिडी-सिगारेट सगळं चाळून तेवीस जणांची यादी काढली होती. ज्यांना झटका येण्याची भीती सगळ्यात जास्त, ते तेवीस. गुप्तता म्हणून यादीत नावं नव्हती, नुसता क्रमांक, वय आणि फोन. डॉक्टरीणबाईंनी यादी त्यांच्या हातात ठेवली होती. "आजच्या आज बोलवा. आणि हा पहिला आहे ना, त्याला काहीही करून आणा. हा माणूस चालताबोलता बॉम्ब आहे."

फाईलरावांना आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा तरी जीव वाचवायचा होता. टेबलावर गेल्या आठवड्यात बसवलेला नवाकोरा फोन त्यांनी असा धरला, जशी काही तोफेची बत्ती.

अकरापर्यंत बावीस जण हजर! कडक इस्त्रीचे शर्ट, ठेवणीतल्या साड्या. एका आजोबांनी फोटो काढायला जावई आणला होता. एका बाई बाकावरूनच विचारत होत्या, "बक्षीस स्टेजवर देणार की इथेच?"

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, गर्दी बघून थबकल्या. "फाईलराव, यांना काय सांगितलंय तुम्ही?"

"आले ना, मॅडम? बास!"

"खुलासा मी करते. पहिला कुठाय?"

इथे घोडं अडलं होतं. पहिल्याचा फोन सकाळपासून एंगेज. फाईलरावांनी एकोणीस वेळा लावला. एकोणीस वेळा टूं-टूं-टूं.

"काय माणूस आहे!" ते घाम पुसत म्हणाले. "मरायला टेकलाय आणि गप्पा मारतोय! वय चोपन्न, माझ्याच वयाचा. घरी बायको असेल बिचारी. अशा माणसांना ना, कान धरून आणलं पाहिजे!"

"शांत व्हा, तुमचंच बीपी वाढेल," सिस्टर म्हणाली. "द्या नंबर, मी माझ्या मोबाईलवरून बघते."

ती दारात जाऊन उभी राहिली. फाईलराव श्वास रोखून तिच्याकडे बघत होते.

"लागला! लागला हो, रिंग जातेय!"

बाकांवरच्या बावीस जणांनी टाळ्या वाजवल्या. नेमका त्याच वेळी टेबलावरचा फोन खणखणला. फाईलरावांनी वैतागून उचलला. "हॅलो, हृदयविभाग! जरा नंतर करा, आम्ही एका पेशंटला शोधतोय!"

"फाईलराव," सिस्टर म्हणाली. आवाज दारातून आला आणि फोनमधूनही आला.

फाईलरावांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं.

"मागच्या सोमवारी संगणक चालतो का बघायला नमुना हवा होता," सिस्टर हळू आवाजात म्हणाली. "तुमचंच रक्त घेतलं, तुमचंच बीपी. रिपोर्ट आले तसे मी भरत गेले. फोन नंबर टाकल्याशिवाय पुढे जात नव्हतं, म्हणून या टेबलावरचा टाकला. नमुना काढून टाकायचा राहिला, आणि आकडेही कोणी बघितले नाहीत."

"छे! मला काय धाड भरलीय? मी ठणठणीत आहे. आज किती कामं पडलीत! उद्या बघू."

डॉक्टरीणबाईंनी यादी हातात घेतली, एकदा वाचली. त्या ओरडल्या नाहीत, हे बघून फाईलरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "आत्ता ईसीजी. आधी घरी फोन करा."

सकाळपासून पोपटासारखं बोलणाऱ्या माणसाने आता अडखळतच घरचा नंबर लावला. "अगं... ऐक ना. इथे एक तपासणी करतायत. मशीनचं काहीतरी चुकलं असेल..."

"मशीनचं चुकलेलं नाही," बायको म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"रोज जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर वाकता. विचारलं की म्हणता, बुटाची नाडी बांधतोय. अहो, तुमच्या बुटांना नाडी आहे का?"

फाईलरावांनी खाली बघितलं. नव्हती.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लपवत होता, म्हटलं लपवू दे. मीही मागच्या पायरीवर थांबायचे, पिशवीत किल्ली शोधत. किल्ली तर तुमच्या खिशात असायची. आलेच मी. तोवर तिथलं कुणी काही म्हणालं, तर वाद घालू नका."

त्यांनी फोन जपून ठेवला. सिस्टर चाकांची खुर्ची घेऊन आली.

"ती कशाला? चार पावलांवर तर खोली आहे," फाईलराव म्हणाले आणि ताठ उठले. शर्ट खाली ओढून नीट केला, यादी परत घेऊन बगलेत धरली. एक पाऊल. दोन पावलं. तिसऱ्याला ते थांबले, वाकले, आणि त्यांचा हात बुटाकडे गेला.

 सिस्टरने खुर्ची हळूच त्यांच्या मागे आणून लावली. बाकांवरचे बावीसही जण उठून भिंतीला टेकले आणि मधली वाट मोकळी झाली.