सासूबाई, क्लच आणि साठ किलो वाळू

सासूबाई मागच्या सीटवर बसल्या की गाडी ओरडे. त्या उतरल्या की गप्प होई. हे विधान करताना जावयाला फार संकोच वाटे, कारण तो प्रयोगशाळेत तराजू तपासण्याचे काम करीत होता आणि शकुन-अपशकुन त्याच्या खात्यात बसत नव्हते. पण वहीतली नोंद निर्विवाद होती. सासूबाईंसह अकरा फेऱ्या : अकराही वेळा चढावर इंजिन किंचाळले, वेग तसूभर वाढला नाही आणि काहीतरी करपल्याचा वास आला. सासूबाईंविना सोळा फेऱ्या : एकदाही नाही.

मेहुण्याने निष्कर्ष काढून टाकला. "भावोजी, गाडीला माणसं कळतात हो."

हे वाक्य सासूबाईंच्या कानावर गेले. त्या तीस वर्षे मुख्याध्यापिका होत्या. अपमान झाला तर त्या चिडत नसत, ठराव करीत.

"शनिवारपासून गुडघ्याच्या व्यायामाला मी बसने जाईन," त्यांनी जाहीर केले. "तुमच्या गाडीला माझा त्रास नको."

बसथांबा दोन जिने आणि एका पुलापलीकडे होता, आणि गुडघा पहिल्या जिन्यालाच शरण जाण्यातला होता. बायकोने नवऱ्याला बाजूला घेतले. "शुक्रवारपर्यंत गाडी नीट कर. नाहीतर आईला कडेवर घेऊन पूल तू ओलांड."

जावई कंबर कसून कामाला लागला. गिअरबॉक्सचे तेल त्याने पांढऱ्या कागदावर टिपून पाहिले : मधासारखे स्वच्छ, लोखंडाच्या किसाचा मागमूस नाही. खाली गळतीचा डाग नाही. पाचही गिअर विनातक्रार पडत होते. मग वजनाचा प्रश्न. सासूबाईंच्या वजनाइतकी, म्हणजे साठ किलो, वाळू दोन पोत्यांत भरून त्याने मागच्या सीटवर बसवली आणि पट्टा बांधला. शेजाऱ्यांनी काचेआडच्या पोत्यांना "काय आजी, फिरायला का?" असे विचारले. वाळू सुखरूप चढ चढून आली. गाडीने हूं की चूं केले नाही.

आता एकच घटक उरला होता. बायकोच्या मोबाइलमध्ये सासूबाईंचे बोललेले निरोप होते, सगळे मिळून बारा मिनिटांचे. जावयाने मोबाइल पोत्यांवर ठेवला आणि निरोप चालू केले. "मी काय सांगते ते नीट ऐका," वाळू म्हणाली, आणि चढाच्या मध्यावर इंजिन किंचाळले.

आवाजाने गिअर घसरतो असे कोणत्याही पुस्तकात नव्हते.

गुरुवारी त्याने वही गॅरेजमधल्या मिस्त्रीपुढे ठेवली. मिस्त्रीने ती उलटी धरली, सुलटी केली आणि परत दिली. "आजींना आणा साहेब. वाळू नको."

सासूबाई आल्या, पण "तपासणीपुरत्या" या अटीवर. मिस्त्रीने बॉनेट उघडलेसुद्धा नाही. तो जावयाशेजारी बसला आणि चढाकडे बोट दाखवले.

"जावईबापू, तो सायकलवाला," मागून आवाज आला.

"दिसला, आई."

"दिसला ना? मग वेग कोण कमी करणार, मी?"

इंजिन किंचाळले. वास आला. मिस्त्री खाली वाकला होता.

"साहेब, डावा पाय कुठंय तुमचा?"

जावयाने पाहिले. पाय क्लचवर होता आणि क्लच अर्धा दाबलेला होता.

"आजी बोलल्या की तुमचा पाय तिथं जातो," मिस्त्री म्हणाला. "अर्धा क्लच दाबून धरला की प्लेट घसरते. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत जातच नाही, नुसती घासून जळते. म्हणून आवाज, म्हणून वास. गिअर बदलताना दाबा, एरवी पाय बाजूला. अजून दोन महिने असं चाललं असतं, तर चढावर गाडी जागची हलली नसती."

सत्तावीस फेऱ्यांच्या त्या वहीत चालकाचा रकानाच नव्हता.

"म्हणजे दोष माझा," सासूबाई म्हणाल्या आणि दाराच्या कडीला हात घातला. "मी इथूनच बसने जाते."

जावयाला मोजून एक क्षण मिळाला. दोष क्लचच्या स्प्रिंगवर ढकलता आला असता. मिस्त्रीने हरकत घेतली नसती. पण खोटी नोंद करणे त्याच्या हाताला जमत नव्हते.

"नाही आई. दोष माझा. मी तुम्हाला घाबरतो."

कडीवरचा हात थांबला. "केव्हापासून?"

"तुमच्या मुलीला मागणी घालायला आलो, तेव्हापासून. चौदा वर्षं."

"इतकं?"

"इतकं."

सासूबाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरले, त्याला समाधानच म्हणावे लागेल. "मग आधी सांगायचं नाही का! मला वाटत होतं, तुम्हाला माझा कंटाळा आलाय." त्यांनी कडी सोडली. "मिस्त्री, तुम्ही मागे या. ती जागा माझी."

शनिवारी त्या पुढच्या सीटवर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि चष्मा चढवला. मागे बायको बसली होती. चढ लागला. समोरून ट्रक आला, सायकल आली, एक कुत्रा रस्त्याच्या मधोमध विचार करीत उभा राहिला. सासूबाईंनी यांपैकी कशाकडेही पाहिले नाही.

"पाय," त्या म्हणाल्या.

जावयाने पाय उचलला.