उकळत्या चहातलं भिंग

कुसगावच्या देवळापुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. नेत्रानंद महाराज नुसत्या बोटांनी मोतीबिंदू काढत होते आणि वाटीत टपकन पांढरा मोती पडत होता!

"विलायतेतले डॉक्टर डोळ्यात प्लास्टिकचं भिंग बसवतात. कडक, टोचणारं!" महाराज गरजले. "आमचं भिंग मऊ! साक्षात इंद्रायणीमाईनं घडवलेलं. नऊ दिवस पट्टी सोडायची नाही. सोडलीत, तर आम्हाला बोल लावू नका!"

पुतळाबाई नवऱ्याचा हात धरून रांगेत उभी होती. गोविंदाला हल्ली तिचं तोंडही दिसत नव्हतं. लोणावळ्याच्या दवाखान्यात मंगळवारी ऑपरेशन ठरलं होतं, पण चाकूच्या धास्तीनं तो आधी इथं आला होता. ओट्यावर कस्तुराबाई बसली होती. तिला चार दिवसांपूर्वी भिंग बसवलं होतं. पट्टीखालून पिवळं पाणी गळत होतं.

"मावशी, दुखतंय व्हय?"

"लय ठणकतंय गं. पन म्हाराज म्हन्त्यात, मळ निघतोय."

पुतळाबाई तिच्या पट्टीजवळ वाकली. त्या पाण्याला वास होता, आणि जन्मभर नदीत मासे धरणाऱ्या बाईला तो लगेच कळला: कुजक्या माशाचा. मोत्याची वाटी दर्शनाला फिरत आली, तेव्हा तिनं एक मोती दाताखाली धरला. शिजलेल्या माशाचा डोळा खाताना ती असाच दाणा थुंकत आली होती. मग महाराजांपुढच्या द्रोणातली ती मऊ, पारदर्शक भिंगं कसली?

महाराजांनी गोविंदाची पापणी उचलली.

"थांबा!" पुतळाबाईनं द्रोणातलं एक भिंग उचललं आणि शेजारच्या चुलीवर खदखदणाऱ्या चहात टाकलं. थोड्या वेळानं पळीनं काढलं, तर पांढरा, टणक मोती!

"माशाचा कच्चा डोळा ह्यो, आन् शिजला की त्यो! शिजल्याला बोटांत दडवतोय, आन् कच्चा मानसाच्या डोळ्यात कोंबतोय!"

महाराज सटकू लागले, लोकांनी धरले. पण कुणालाच हसू आलं नाही. सगळे कस्तुराबाईकडे बघत होते.

दवाखान्यात कस्तुराबाईची पट्टी सोडली. पापणीखाली तो तुकडा कुजला होता, डोळा पिकला होता. "हा डोळा काढावाच लागेल," डॉक्टर म्हणाले. "अहो, मोतीबिंदू म्हणजे डोळ्याच्या आतलं भिंगच गढूळ होतं. ते बोटांनी कसं निघेल?"

मंगळवारी गोविंदाचं ऑपरेशन झालं. तेव्हा आपल्याकडे डोळ्यात भिंग बसवत नसत; महिन्याभरानं जाड चष्म्यातून त्याला बायकोचं तोंड दिसलं.

लोकहो, चमत्काराला हात जोडण्याआधी तो हातात घेऊन बघा, हुंगून बघा. कस्तुराबाई आता एका डोळ्यानं देवळापुढे बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगते, "इचारा गं बायांनो. म्या न्हाई इचारलं."