दोन भावांचं नाणं

दुपारच्या वेळी सगळं रोम निजलेलं. पाळण्याच्या काठावर टक् करून नाणं आपटलं आणि मी दचकले. बाळ कुशीवर वळलं होतं, एवढंच.

भोक पाडून मीच ते चांदीचं नाणं दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात बांधलं होतं, दृष्ट लागू नये म्हणून. त्यावर म्हाताऱ्या सम्राटाचे दोन मुलगे, समोरासमोर. माझा थोरला, तिरो, रोज बाळाला दाखवायचा, "हा मी. हा गुबऱ्या तू."

म्हातारा गेला, दोघे भाऊ गादीवर बसले. आणि या थंडीत थोरल्यानं धाकट्याला मारवलं. मागोमाग हुकूम आला: धाकट्याचं नाव, तोंड, जिथे असेल तिथून पुसा.

आज सकाळी हौदावर पेट्रोनियामावशीनं मला कोपरानं ढोसलं. "पोराच्या गळ्यात फास कसला मिरवतेस गं? काल त्या पाववाल्याला धरून नेलं. भिंतीवरचं धाकट्याचं चित्र पुसायचा आळस केला मेल्यानं."

"फेकून देते, मावशी."

"आणि थोरल्याचं तोंड गटारात? शहाणीच आहेस! त्यासाठीही धरून नेतातच."

लपवावं, तर अख्ख्या आळीनं ते बाळाच्या गळ्यात पाहिलेलं.

आता मी बाळाच्या गळ्यातला दोरा सोडला. सुरी लावायच्या दगडाची कपची घेतली आणि घासू लागले. आधी नाक गेलं, मग तो गुबरा गाल. चांदी मऊ, फार जोर लागत नाही. लागला असता तर बरं वाटलं असतं. थोरल्याला ओरखडा जाऊ नये म्हणून त्याच्यावर अंगठा दाबून धरला होता. कुणाला जपतेय मी, असं मनात आलं, तरी हात थांबला नाही. पाळण्यात बाळ झोपेतच ओठ चोखत होतं.

तिरो कधी उठला, कळलंच नाही. डोळे चोळत माझ्या गुडघ्याला टेकला.

"बाळ कुठे गेलं गं यातलं?"

"पुसावं लागलं, सोन्या."

"मस्ती केली त्यानं?"

"नाही रे."

त्यानं नाणं माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं. त्या बाजूला दोघांची आई आहे, केस मानेवर बांधलेली. तिला पुसायचा हुकूम नव्हता. तिरोनं तिच्या गालावरची चांदीची भुकटी हळूच फुंकली.

"आई, हिला विचारलंस?"